दुसरा पावसाळा

ज्ञानाला काळ लागतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्यात विचारण्याजोगे काही उरले आहे असे सहसा कोणाला वाटत नाही; परंतु तो काळ किती, आणि तो ज्ञानासाठी नेमके काय करतो, असे विचारू लागले की त्या सर्वमान्य विधानाखाली एक अवघड तात्त्विक प्रश्न दडलेला दिसतो. काळ हा ज्ञानाचे कारण आहे, की ज्ञानाची खरी कारणे ज्यात घडून येतात ती केवळ जागा आहे? पहिले मानले तर शिक्षणक्रमाची वर्षे वाढवली की ज्ञान वाढलेच पाहिजे. दुसरे मानले तर वर्षे मोजून काहीच ठरत नाही, त्या वर्षांत काय घडले हेच पाहावे लागते. मराठी भाषेने या प्रश्नाला फार पूर्वी आपले उत्तर देऊन ठेवले आहे. वडीलधारे माणूस आपल्या अनुभवाचा हवाला देताना चार वर्षे अधिक जगलो असे न म्हणता चार पावसाळे अधिक पाहिले असे म्हणते. वर्ष नुसते सरते, पावसाळा मात्र पाहावा लागतो. म्हणजे या वाक्प्रचारात अनुभवाचे माप काळ नसून काळाबरोबर परत परत येणारी आणि लक्ष देऊन पाहिलेली गोष्ट आहे. वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे शिक्षण किती वर्षांचे असावे, या रूक्ष वाटणाऱ्या प्रशासकीय प्रश्नाचा विचार करताना हा वाक्प्रचार अक्षरशः घ्यावा लागतो, आणि तो कसा, हे गोंदिया जिल्ह्यात जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या शहरात दिसणार नाही.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर आहे. धानाची बांधी, मालगुजारी तलाव आणि सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील जंगल ही त्याची ओळख असली, तरी आरोग्याच्या दृष्टीने पाहिल्यास याच पाण्याने आणि जंगलाने येथे हिवतापाला आश्रय दिला, हत्तीरोग पूर्व विदर्भात दीर्घकाळ टिकून राहिला, आणि रक्तातील हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषामुळे होणारा सिकलसेल आजार या पट्ट्यातील अनेक आदिवासी, दलित आणि इतर मागास समाजांत आढळतो. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही जुनी रुग्णालये त्याला जोडली गेली. हिवताप, हत्तीरोग आणि सिकलसेल या तिन्ही आजारांचे निदान रुग्णाच्या चेहऱ्यावरून होत नाही. ते प्रयोगशाळेत होते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जो माणूस ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहितो, त्याच्या त्या एका शब्दावर पुढचा सर्व उपचार उभा राहतो.

हा शब्द लिहिण्याचा अधिकार देणाऱ्या वाटा अनेक आहेत. विज्ञानाची पदवी घेतल्यावर वर्षभरात पूर्ण होणारी प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, जिला सर्वत्र डीएमएलटी म्हणतात, ती आहे. बारावीनंतरची दीर्घ पदविका आहे. आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, तीन वर्षांचा अभ्यास व त्यानंतर आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयात देखरेखीखाली करायचे काम, अशी रचना असलेली बीपीएमटी ही पदवीही आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या पसाऱ्याला चौकट घालताना सहायक आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत पसरलेले, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचे आणि तीन ते सहा वर्षांत पसरलेले शिक्षण आवश्यक ठरवले. या व्याख्येतील एक बारीक गोष्ट तत्त्वचिंतकाने थांबून पाहण्याजोगी आहे. आठवड्याला ४० तास या हिशेबाने २००० तास ५० आठवड्यांत, म्हणजे एका वर्षाच्या आतच, पूर्ण होतात. तरीही कायदा ते दोन वर्षांहून कमी काळात बसवू देत नाही. तासांखेरीज तासांमधल्या मोकळ्या अंतरालाही शिक्षणात किंमत आहे, असे त्या शब्दांतून कायद्याने, कदाचित नकळत, मान्य केले आहे.

ही मान्यता निराधार नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मृतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हाच हे दिसून आले होते की तेवढीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा अनेक दिवसांवर विभागली तर अधिक टिकते. परंतु स्मरणात टिकणे ही शिक्षणाची एक बाजू झाली. काचपट्टी वाचणाऱ्याला नावे आठवून भागत नाही, त्याला ओळखावे लागते. आणि ओळखणे ही आठवण्याहून वेगळी क्रिया आहे, हे भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञान कशाने होते व ते खरे कशाने ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राने, फार काटेकोरपणे मांडले आहे.

न्यायदर्शन प्रत्यक्षाचे दोन टप्पे मानते. निर्विकल्पक प्रत्यक्षात वस्तू डोळ्यांपुढे येते, पण ती अमुक आहे असे नाव, जात वा गुण तिला अजून चिकटलेले नसतात. सविकल्पक प्रत्यक्षात तीच वस्तू अमुक म्हणून कळते. नवा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला प्रथम डोळा लावतो तेव्हा त्याला जे दिसते ते जवळजवळ पहिल्या प्रकारचे असते: गुलाबी वर्तुळे, जांभळे ठिपके, रंगाचे कण, आणि त्यांत भेद करण्याचे कोणतेही साधन नाही. शिक्षक शेजारी उभा राहून दाखवतो की या रक्तपेशीतील अंगठीसारखी आकृती हा हिवतापाचा परजीवी आहे, आणि विद्यार्थी मान डोलावतो, परंतु पुढच्या दृष्टिक्षेत्रात तोच त्याला सापडत नाही. पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर ती तीच आहे असे जे ज्ञान होते त्याला शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि तिला दोन गोष्टी लागतात: समोर असलेल्या वस्तूशी इंद्रियाचा संबंध आणि पूर्वानुभवाने मनावर उमटलेला संस्कार. यांतील संस्कार पहिल्या भेटीत पडतो, पण प्रत्यभिज्ञा पहिल्या भेटीत होऊच शकत नाही. ती दुसऱ्या भेटीचे फळ आहे.

हिवतापाच्या बाबतीत ही दुसरी भेट केव्हा होते हे ऋतू ठरवतो. मध्य भारतात पावसाळा सुरू झाला की व्हायवॅक्स जातीच्या परजीवीचे रुग्ण वाढू लागतात, आणि पाऊस ओसरताना व त्यानंतरच्या महिन्यांत फॅल्सिपेरम डोके वर काढतो. व्हायवॅक्सने पछाडलेली पेशी फुगते आणि तिच्यात बारीक गुलाबी ठिपके दिसतात. फॅल्सिपेरमची पेशी फुगत नाही, तिच्यात नाजूक अंगठ्या, कधी एकाच पेशीत दोन, आणि नंतर चंद्रकोरीच्या आकाराच्या अवस्था आढळतात. हा फरक ग्रंथातल्या रंगीत चित्रात दोन मिनिटांत समजतो. पण औषधाची निवड आणि मुदत त्यावर अवलंबून असल्याने, आणि फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकत असल्याने, तो घाईत रंगवलेल्या, धूळ बसलेल्या प्रत्यक्ष काचपट्टीवर ओळखता आला पाहिजे. एका वर्षाच्या शिक्षणात विद्यार्थ्याला एकच पावसाळा मिळतो. त्या पावसाळ्यात संस्कार पडतात, आणि ते प्रत्यभिज्ञेत परिणत होण्याची वेळ येते तेव्हा तो प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला असतो. त्याची दुसरी भेट देखरेखीखाली न होता एखाद्या ग्रामीण रुग्णालयात, शेजारी कोणी नसताना, खऱ्या रुग्णाच्या जिवावर होते. वर्षभराच्या शिक्षणक्रमात तास कमी पडतात असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याची मूळ उणीव मात्र अशी आहे की त्याच्या मुदतीत काहीही परत येत नाही.

याहूनही कठीण प्रसंग ‘नाही’ असे लिहिण्याचा आहे. रक्तपेशीवर योगायोगाने बसलेली बिंबाणू, म्हणजे रक्त गोठवणारी लहान पेशी, अंगठीसारखी दिसते. रंगाचा साका परजीवीसारखा दिसतो. वेदान्तातील दोरीवरचा साप येथे रोज दिसतो. परंतु नसलेले ‘आहे’ असे वाटणे हा भ्रम निदान दुसऱ्या तपासणीत उघडा पडण्याची शक्यता असते. असलेले ‘नाही’ असे लिहिले गेले, तर तो कागद रुग्णाच्या खिशात घरी जातो आणि त्याची दुसरी तपासणी बहुधा कोणी करत नाही. अभावाचे ज्ञान कसे होते, हा भारतीय दर्शनांतील मोठ्या वादाचा विषय आहे. नैयायिक अभावही प्रत्यक्षानेच कळतो असे मानतात, तर कुमारिल भट्टांचा मीमांसा संप्रदाय आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धि, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानतात. दोन्ही बाजूंना मान्य असलेली अट मात्र महत्त्वाची आहे: केवळ दिसले नाही एवढ्याने अभाव सिद्ध होत नाही, ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती आणि असा पाहणारा असला तरच न दिसणे हे नसण्याचे प्रमाण ठरते. हिला योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेच्या व्यवहारात ही अट अंकांत उतरली आहे. हिवतापाच्या जाड रक्तलेपाची किमान १०० दृष्टिक्षेत्रे ऑइल इमर्शन भिंगाखाली पाहिल्यावाचून परजीवी आढळला नाही असे लिहू नये, असा दंडक आहे. क्षयरोगासाठी थुंकीच्या काचपट्टीलाही असाच १०० क्षेत्रांचा नियम आहे. परंतु क्षेत्रांची संख्या खोलीतील उजेडाची खात्री देते, पाहणाऱ्या डोळ्याची नाही. ज्याने परजीवी शंभर वेळा ओळखलेला नाही त्याने शंभर क्षेत्रे पाहिली तरी त्याचे न आढळणे हे अभावाचे प्रमाण होत नाही, कारण परजीवी असता तर त्याला दिसला असता असे म्हणता येत नाही. म्हणून शिक्षणक्रमाच्या मुदतीचा खरा तात्त्विक अर्थ असा दिसतो की ती नकार प्रमाण ठरेल असा पाहणारा तयार करण्याची मुदत आहे. होकार शिकायला थोडा काळ पुरतो. विश्वासार्ह नकार शिकायला पुष्कळ होकार डोळ्यांखालून जावे लागतात.

येथे काळाची एक वेगळीच अडचण उभी राहते. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि आजार जसजसा मागे हटतो तसतशा परजीवी असलेल्या काचपट्ट्या कमी होत जातात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र त्यामुळे तीन पावसाळ्यांत पूर्वी जेवढ्या भेटी होत तेवढ्या आता होत नाहीत. आणि नेमक्या याच टप्प्यावर, हजारांत एखादाच रुग्ण उरलेला असताना, तो न चुकवणारा डोळा सर्वांत अधिक हवा असतो. रंगवलेल्या जुन्या काचपट्ट्या जपून ठेवून त्यांचा संग्रह विद्यार्थ्यांपुढे वारंवार ठेवणे हा यावरचा एक उपाय आहे. तो नसेल तर पदवीची मुदत चार वर्षे केली तरी ती रिकामी राहू शकते.

हत्तीरोगाच्या बाबतीत तर काळाचे माप रात्रीचे आहे. या रोगाच्या जंतांची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडलेली असतात आणि रात्र झाल्यावर अंगावरच्या रक्तात येतात, म्हणून रक्ताचे नमुने साधारण साडेआठनंतर, मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत, गावात फिरून घ्यावे लागतात. सकाळी दहा ते पाच वर्गात आणि प्रयोगशाळेत बसलेल्या विद्यार्थ्याने कितीही वर्षे काढली तरी ही रात्र त्याच्या शिक्षणात आपोआप येत नाही. काळ हा ज्ञानाचे कारण नाही, याचा याहून उघड पुरावा नको. आणि ज्ञानाला योग्य काळच लागतो, याचाही पुरावा हाच.

पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास कशाने पक्का होतो हे सांगताना तीन अटी एकत्र ठेवल्या आहेत: तो दीर्घकाळ केलेला असावा, त्यात खंड नसावा, आणि तो सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने व लक्ष देऊन, केलेला असावा. विद्यापीठाच्या नियमावलीला या तिन्हींपैकी फक्त पहिली अट लिहिता येते. दुसरी अट हजेरीपटावर अर्धीमुर्धी उतरते. तिसरी कुठेच उतरत नाही, आणि तरीही पहिल्या दोन्हींना अर्थ तीच देते. सत्कार हा शब्द येथे उगाच वापरलेला नाही. काचपट्टीचा सत्कार म्हणजे तिच्यामागे एक माणूस आहे याचे भान. सिकलसेलच्या सोल्युबिलिटी चाचणीत, ज्यात रक्त एका विशिष्ट द्रावणात मिसळून ते गढूळ होते का हे पाहतात, द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच आलेला वाहक कोण आणि दोघांकडून आलेला रुग्ण कोण, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. रक्त फार कमी असलेल्या माणसात किंवा लहान बाळात तीच चाचणी फसवी स्वच्छ दिसू शकते. नागपूर परिसरातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच वैद्यकीय साहित्यात झाली होती आणि १ जुलै २०२३ रोजी २०४७ हे लक्ष्यवर्ष ठेवून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. म्हणजे येत्या काळात या जिल्ह्यातील हजारो तरुण-तरुणींच्या हातात त्यांच्या रक्ताचे एक कार्ड असेल आणि लग्नाच्या बोलणीत ते कार्ड विचारले जाईल. चाचणीची मर्यादा जाणून थांबणे, संशय लिहिणे, पुढची तपासणी सुचवणे हे ज्या तंत्रज्ञाला शिकवलेले नाही त्याच्या एका अक्षराने एखाद्या मुलीचे आयुष्य चुकीच्या दिशेला लागू शकते. हे शिकणे नीतीचे शिक्षण आहे, आणि त्यालाही वेळ लागतो.

वर्षे मोजण्याच्या विरुद्ध बाजूलाही भक्कम परंपरा आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाला गुरूने चारशे कृश गाई दिल्या, आणि त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही असे ठरवून तो वनात गेला. त्याच्या शिक्षणाची मुदत वर्षांत ठरलेली नव्हती, कामाच्या पूर्ततेत ठरलेली होती. आणि वाटेत त्याला बैलाने, अग्नीने, हंसाने आणि पाणपक्ष्याने शिकवले, म्हणजे कामच त्याचा गुरू झाले. अमेरिकेतील जॉन कॅरल यांनी १९६३ मध्ये मांडलेला विचारही याच जातीचा आहे: शिकण्याची मात्रा ही प्रत्यक्ष दिलेला वेळ आणि त्या विद्यार्थ्याला लागणारा वेळ यांच्या प्रमाणावर अवलंबून असते, म्हणून सर्वांना सारखी वर्षे देऊन सर्वांचे शिक्षण सारखे होत नाही. या मताचा आदर करूनही असे म्हणावे लागते की सत्यकामाच्या कथेतील एक तपशील त्याचे समर्थक विसरतात. गाई हजार व्हायच्या तर वासरे जन्मावी लागतात, वाढावी लागतात, पुन्हा व्यावी लागतात. कळपाला त्याचे ऋतू द्यावेच लागतात. मुदत मोकळी होती, पण मनाला येईल तितकी आखूड करता येण्याजोगी नव्हती.

आता यंत्रे आली, रक्तपेशी मोजणारी आणि रसायने तपासणारी, तेव्हा लांब शिक्षणाची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. यंत्राने हाताचे काम कमी केले हे खरे. परंतु त्याच्यात घातलेला नमुना काय भोगून आला आहे हे यंत्राला ठाऊक नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना आडगावातून आलेल्या रक्तात, फ्लोराइड नसलेल्या नळीत, पेशी साखर खात राहतात. साध्या खोलीच्या तापमानालाही ही साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते, उन्हात त्याहून वेगाने. यंत्र अचूक आकडा देते आणि तो आकडा त्या रुग्णाचा नसतो. हे ओळखण्यासाठी गोंदियाचा उन्हाळाही एकदा पाहून पुन्हा पाहावा लागतो.

तरीही मुदत वाढवा असे सहज म्हणण्याआधी तिची किंमत कोण देतो हे पाहणे न्यायाचे आहे. दोन एकर धानावर आणि उन्हाळ्यात तेंदूपानांच्या मजुरीवर चालणाऱ्या घरातील मुलगी तीन वर्षे व आंतरवासिता अशा वाटेने गेली, तर वर्षभराच्या वाटेच्या तुलनेत तिच्या घराला अनेक हंगामांची मिळकत सोडावी लागते, आणि पुष्कळदा घर ती सोडू शकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा सुचवली ती अशा घरांना सोयीची वाटेल, आणि तिच्यामागचा हेतू चांगला आहे. परंतु त्या अर्धवट वाटेवरून बाहेर पडलेली तरुणी कुठे कामाला लागेल, तर तिच्यासारख्याच घरांतील रुग्ण जेथे येतात तेथे. लांब शिक्षणाचे ओझे गरिबावर आणि आखूड शिक्षणाचा धोकाही गरिबावर, अशी ही मांडणी आहे. आणि तिच्यातून सुटायचे तर आंतरवासितेच्या काळात पोट भरेल एवढे विद्यावेतन देणे हा धर्मादाय नसून रुग्णाला दिलेल्या शब्दाचाच भाग मानावा लागतो.

या सर्व विचारातून प्रश्नाचे रूपच बदलते. शिक्षणक्रम एक वर्षाचा की चार वर्षांचा, हे विचारण्याऐवजी त्यात देखरेखीखालील किती पावसाळे, किती रात्री आणि किती उन्हाळे आहेत हे विचारले पाहिजे; आणि त्याचे किमान उत्तर दोन असले पाहिजे, कारण एकदा पाहिलेले पुन्हा ओळखण्याची संधी दोनच्या खाली मिळत नाही. असे मोजू लागले की दिनदर्शिकेतील लहानसा तपशीलही मोठा होतो. प्रवेशाच्या फेऱ्या लांबून वर्ग दिवाळीनंतर सुरू झाले, तर पहिला पावसाळा विद्यार्थी येण्याआधीच सरलेला असतो, आणि शेवट मात्र ठरल्या वेळीच झाला तर तीन वर्षे लिहिलेल्या पदवीत अभ्यासाचे दोनच पावसाळे उरतात. आंतरवासितेचे बारा महिने सलग शहरातील रुग्णालयात काढले तर शेवटचा पावसाळाही सालेकसा किंवा देवरीच्या काचपट्ट्यांवाचून जातो. जून ते नोव्हेंबर हे सहा महिने आंतरवासितेतील प्रत्येक विद्यार्थी जंगलपट्ट्यातील ग्रामीण रुग्णालयात, एका जाणत्या तंत्रज्ञाच्या शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर असेल, त्याने नाही म्हणून लिहिलेली प्रत्येक काचपट्टी तो जाणता डोळा पुन्हा पाहील, आणि हत्तीरोगाच्या नमुन्यांसाठी निघणाऱ्या पथकाबरोबर तो रात्री गावात जाईल, एवढी व्यवस्था करायला कायद्यात एक अक्षरही बदलावे लागत नाही.